तिसरी पायरी

हाप्सालूच्या तारघरात मी बावीस वर्षं शब्द मोजले.
शब्दागणिक कोपेक.
काउंटरशी उभे राहून लोक
आपल्याच दुःखातली विशेषणं खोडायचे.
"आई फार आजारी" यातला "फार"
परवडायचा नाही कित्येकांना.

म्हणून काल्यो, तुझं पत्र उघडलं
की माझा हात पेन्सिलीकडे जातो.
पडद्यावर पेन्सिल चालत नाही, ठाऊक आहे मला.

आपण पाच जण, पाच ठिकाणांहून
मात्सालूच्या खाडीवरचे हंस मोजणारे.
एंडेलनं विचारलं : मंगळवारी किती उतरले?
बोटीच्या डिझेलला किती लागतील?
तू त्याचं सगळं पत्र पुन्हा पाठवलंस.
त्याच्या पोटात माझं, माझ्या पोटात
लाइनेची गमबुटांबद्दलची तक्रार,
वांबोलाचं ते नेहमीचं "सहमत",
सगळ्यांचे नमस्कार, सगळ्यांचे फोन नंबर,
आणि मारुतीच्या शेपटाला गाठ मारावी तसं
अगदी तळाशी :
"चारशे."
चारशे काय, काल्यो?
हंस की क्रून?

एक ओळ ठेवावी. ज्या ओळीला उत्तर द्यायचं, तीच.
आणि तिच्या खाली बोलावं.
माणूस आधी ऐकतो, मग तोंड उघडतो,
कागदावरही तसंच दिसू दे.

पण कापताना हात सांभाळ.
त्या वसंतात लाइनेनं लिहिलं होतं,
"कुरणात गाई सोडायला माझी हरकत नाही,
टिटव्यांची पिल्लं उडून गेली असतील तर."
तू "हरकत नाही"पाशी थांबलास
आणि तेवढंच पंचायतीला धाडलंस.
ध चा मा करायला अक्षर बदलावं लागत नाही,
पूर्णविराम पुरतो.
जूनमध्ये तिचं एक पत्र आलं,
ना नमस्कार, ना नाव.
"तुडवलेली घरटी : एकोणीस."
मग हिवाळ्यापर्यंत काही नाही.

दुसऱ्याच्या ओळीआधी जो कोन उमटतो ना, > असा,
एंडेल त्याला हंस म्हणायचा.
पत्र फिरून आलं की आणखी एक हंस.
"सहा झाले," तो लिहायचा, "आता थवा दक्षिणेला निघेल."
मी हसायचे आणि थवा पुसून टाकायचे.

फेब्रुवारीत एंडेल गेला.
त्याचा संगणक पुतण्यानं भंगारात दिला, विचारलंही नाही कुणाला.
मी माझी पेटी उघडली. सगळं कसं स्वच्छ.
एंडेलच्या नऊ वर्षांतून उरलेलं :
"मंगळवारी किती उतरले?"
"धुकं होतं."
"बोट केव्हा?"

परवा तुझ्या स्वयंपाकघरात
छपाईयंत्र कुरकुरत होतं, लाइने कॉफी ओतत होती
(तुझ्याकडे न बघता, पण ओतत होती),
आणि कागद येतच राहिले, येतच राहिले.
तू आयुष्यात काही कापलं नाहीस, आळशी माणसा.
बेचाळिसाव्या पानावर, सहा हंसांच्या मागे,
ओळी मोडलेल्या, शब्द कडेला ढकललेले,
अख्खा एंडेल :
राईच्या पावाबद्दल, गुडघ्याबद्दल,
खाडीच्या बर्फाला रात्री फुटणाऱ्या आवाजाबद्दल.
आणि मध्येच :
मनोऱ्याची तिसरी पायरी सैल झालीय,
हेल्वेला सांगा, ती खाली बघून चढत नाही.

ही ओळ माझ्याकडेही आली होती.
मुद्द्याची नाही म्हणून मीच कापली होती.

आज सकाळी हातोडी घेऊन गेले.
हे पत्र तुम्हा तिघांना जाईल, पण उत्तर त्याला आहे.
बाकीचं सगळं काढलंय, काल्यो,
सवय जात नाही.

> मनोऱ्याची तिसरी पायरी सैल झालीय

ठोकली. चार खिळे.
वारा ईशान्येचा. हंस दोनशे बारा.